निळा शर्ट मिळायचा न्हाय

सुकन्याच्या वडलांस,

दत्तोबा भावजी इंदापूरच्या बाजारातनं तुमचा निरोप घेऊन आले, की निळा शर्ट धाडून दे, घालायला कापडं न्हाईत. बारामतीच्या कंपनीत मन रमंना म्हणून तुमी काम सोडलं. शेतात रमंना म्हणून वन्संकडं जाऊन बसलाय. मन लागलं की येतो म्हणं!

माझं मन लागतंय का, ते कुणी इचारलं? तुमी गेल्यावर गाय मला कासंला हात लावू देईना, लाथा झाडायची. तिला सवय तुमची. शेवटी साडीवर तुमचा निळा शर्ट चढवला, तवा त्या वासानं ती गप झाली आन् पान्हवली. आख्खी आळी मला हसली. हसू दे.

पहाटं उठायचं माझ्याबी जिवावर येतं. म्हणून मी एकच ठरवलं, डोळं उघडलं की आधी शर्ट घालायचा, मग मनाला इचारायचं. शर्ट अंगात आला की मन काय बी म्हणू दे, पाय आपसूक गोठ्याकडं जात्यात. डेअरीच्या गाडीला आपलं दूध एकदा बी चुकलं न्हाय.

काल शर्ट वाळत हुता, तशीच धारंला बसले. गाईनं गुमान दूध दिलं. म्हंजी गाईला तुमचा शर्ट आता लागत न्हाय. मला लागतो.

हे सगळं लिहून डब्यातच ठेवणार हाय, तुमाला धाडायचं न्हाय. भावजींच्या तोंडी एवढंच धाडलंय, की शर्ट कामावर हाय.

सारजा