खिसा उलटाच ठेवलाय

अहो, ऐकताय ना,

आज मला इतका आनंद झालाय की आमटीची फोडणी करपली तरी मी हसतेच आहे. पण सांगू कोणाला? सूनबाई हॉस्पिटलात ड्यूटीवर. प्रकाश सकाळपासून हॉलमध्ये एसीखाली बसलाय, चहासुद्धा तसाच निवला. मी तोंड उघडलं की म्हणतो, "आई, प्लीज, तो विषय नको." मग म्हटलं, ज्याने केलं त्यालाच लिहावं. रियाच्या चित्रकलेचा कागद घेतलाय. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नका. आणि हसलात तर ऐकू येईल असं हसा, बरं वाटेल.

आलात ते बरं केलंत. पण चपला बाहेर काढत जा हो! स्वैपाकघरभर वाळू झालीय.

बाहेर काय ऊन आहे म्हणून सांगू. तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा, फुजैराची उन्हाळ्यातली दुपार. रस्त्यावर माणूस नाही, मांजर नाही. डोंगर धुळीत गायब. समुद्राची वाफ काचेवर अशी दाटते की बाहेरून कोणी तोंड लावून श्वास सोडतंय असं वाटावं. सूनबाईला भीती वाटते या दुपारची. मला आधी वाटायची. आता नाही वाटत.

आठवतं, आपण नवीन इथे आलो तेव्हा मी किती रडत होते? तुम्ही तेलाच्या टर्मिनलच्या स्टोअरमध्ये, मी चार भिंतींत. मग एका शुक्रवारी तुम्ही मला मॅच बघायला नेलंत. कसलं ग्राउंड ते! लेबर कॅम्पच्या मागे नुसती खडी न् वाळू, मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर चटई ठोकलेली. कोणी वेल्डर, कोणी क्रेनला साखळ्या बांधणारा रिगर, कोणी मेसमध्ये भाकऱ्या थापणारा. सगळे आपल्या रत्नागिरी-गुहागरकडचे. त्या दिवशी मी डबाभर घावन नेले होते, ते नाणेफेकीच्या आधीच संपले!

तुमचं स्वतःचं बोलिंग कसं होतं ते मला कळत नाही. तुम्ही बॉल टाकला की पोरं हसायची, एवढं दिसायचं. पण पोरांचे खांदे मात्र तुम्हीच सांभाळलेत. तो दापोलीचा इकबाल आठवतो? सीझन बॉल टाकून टाकून खांद्यातून गेला, आठवड्याला सहा दिवस परांचीवर चढणारा माणूस, त्याला हात वर नेता येईना. काम गेलं, व्हिसा गेला. विमानतळावर त्याची बॅग तुम्ही उचललीत, कारण त्याला उचलवत नव्हती. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. पुढच्या शुक्रवारपासून खिशात खजुराच्या बिया.

किती हसायचे सगळे त्या बियांना! डावा खिसा भरून न्यायचात. ज्याचा खांदा जपायचा त्या बोलरने एक ओव्हर टाकली की एक बी डाव्या खिशातून उजव्यात. डावा रिकामा झाला की कॅप्टनशी वाद नाही, आरडाओरड नाही. नुसते उठून उभे राहायचात आणि डाव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढायचात. कुत्र्याच्या जिभेसारखं लोंबायचं ते. आणि एकच शब्द, "खलास!"

आपला फास्ट बोलर अनंता, त्याच्यावर तर तुमचा फार जीव. त्या फायनलला समोरच्यांची शेवटची जोडी उभी होती, अनंता पेटलेला, आणि तुम्ही खिसा ओढलात. हरलो आपण. अनंता रागाने लाल झाला होता.

"तात्या, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"मी तुझ्या खांद्याच्या बाजूचा."

कॅम्पातली पोरं कितीतरी दिवस आपल्याकडे फिरकली नाहीत. मग एका संध्याकाळी अनंताच आला, शर्ट काढून पाटावर बसला, म्हणाला, "काकू, मिठाची पुरचुंडी तापवा. तात्यांना सांगू नका मी स्वतःहून आलो." तुम्ही दाराआडून ऐकत होतात, मला माहीत आहे!

आणि एप्रिल सरला की सगळे बॉल माझ्या तांदळाच्या पिंपात. पोरांनी बॉलला हात लावायचा नाही, दसऱ्यालाच बाहेर काढायचे. "अगो, खांदा म्हणजे हापूस. अढीत घातला की रोज उकरून बघायचा नाही." पोरं चिडवायची, "काकू, आज भातात बॉल शिजला वाटतं, मऊ लागतोय." मी तेव्हा वैतागायचे. तांदूळ काढताना मध्येच हाताला ते थंड, गुळगुळीत काहीतरी लागायचं, अंगावर काटा यायचा. आता त्याचीच सवय झाली.

तुम्ही शिमग्याच्या आधी गेलात. सीझन संपायचा होता. गावी सगळं उरकून प्रकाश मला परत इथे घेऊन आला. म्हणाला, "एकटी कुठे राहणार तू?" तुमचे कपडे सूनबाईने कॅम्पात वाटले. ती मातकट पँट तेवढी मी दिली नाही. डाव्या खिशात बिया होत्या ना! धुऊन परत डाव्या खिशात घातल्या आणि पँट माझ्या खोलीच्या दारामागे खुंटीला लावली. एप्रिल सरल्यावर बॉलही पिंपात घातले. आता टीम प्रकाशकडे आहे. तुमचा लेक, पण स्वभाव तुमचा नाही. त्याला जिंकायचं असतं.

आणि मग ते दुबईवाले आले. तिकडे कुठल्याशा मोठ्या कंपनीची टीम आहे, उन्हाळ्यातही पहाटे मॅच खेळतात, ऊन चढायच्या आत संपवतात. त्यांना अनंता पाहिजे. बरा खेळला तर कंपनीत काम देतो म्हणाले, क्रेनखाली साखळ्या ओढायला नको, आत बसून काम. आता सांगा, गुहागरात दोन बहिणी लग्नाच्या असलेला माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, "अरे अनंता, उन्हाळा आहे, तात्या काय सांगायचे?" तर मान खाली घालून म्हणाला, "काकू, मी दसऱ्यापर्यंत बसलो तर ते दुसरा बघतील."

प्रकाश म्हणाला, "आई, तू नको पडूस यात. तो काही लहान नाही. हल्ली बोलर वर्षभर टाकतात."

आणि नवा लाल बॉल आणला. रोज पहाटे ऑफिसच्या आधी अनंताकडून टाकून घ्यायचा आणि बॉल गाडीच्या डिकीत बंद. किल्ली प्रकाशच्या खिशात.

मग ती दुपार. मी तांदूळ काढायला पिंपात हात घातला. जुने बॉल मला ओळखीचे आहेत, त्यांचं कातडं सालपटलेलं. हा गुळगुळीत. आणि अहो, तो गरम होता! उन्हाने तापतो तसा नव्हे. कोणी आत्ता मुठीतून सोडलाय तसा. थोडा ओलसरही. बाहेर काढला तर तोच, नवा लाल. शिवणीत खोबरेल तेलाचा वास.

मला काय झालं सांगू? मी तिथेच फरशीवर बसले आणि हसायला लागले. पदराने तोंड दाबून. म्हटलं, आले!

प्रकाश संध्याकाळी डिकी उघडून बघतो तर बॉल नाही.

"आई, तूच घेतलास ना?"

"अरे, मला तुझ्या गाडीचं दार उघडता येतं का? मागच्या वेळी काच खाली करताना हॉर्न वाजवला होता मी."

त्याला हसू आलं नाही. बॉल परत डिकीत गेला. दोन दिवसांनी परत पिंपात. मग तो घरात बोलायचाच बंद झाला. पण अनंताचं टाकणं काही थांबवलं नाही.

रिया मात्र घाबरली नाही हो. तुमची नात ती! परवा दुपारी मी जरा पडले होते, तर येऊन माझी बांगडी ओढते.

"आजी, टेल आजोबा टु टेक ऑफ हिज शूज. ही ब्रॉट सँड अगेन."

उठून बघते तर स्वैपाकघरात वाळू. दारापासून नाही, खिडकीपासून नाही. नुसती पिंपाच्या भोवती, कोणी उभं राहून पाय बदलत असावं तशी. मी विचारलं, "काय करत होते गं आजोबा?" तर ती म्हणते कशी, "काउंटिंग." आणि परत रंगवायला बसली! मी झाडू घेतला, पण ती वाळू लगेच केराच्या टोपलीत टाकवेना. थोडा वेळ सुपलीत तशीच ठेवली.

आता आजची सकाळ. तुम्हाला सगळं माहीत असणार, तरी सांगते. मला सांगायचंय.

शुक्रवार म्हणून निघायचं ठरलं होतं दुबईला. अजून उजाडलं नव्हतं पुरतं, खाली गाडी चालू. अनंता दारात उभा, पांढरे कपडे, केस तेल लावून चोपडलेले. "काकू, नमस्कार करतो." वाकला आणि माझ्या पायाला डाव्या हाताने शिवला. मी म्हटलं, "अरे, उजवा कुठे ठेवलास?" तर हसल्यासारखं करून म्हणाला, "बॅग आहे ना त्या हातात." बॅग खांद्यावर नव्हती, खाली ठेवलेली होती.

प्रकाश ओरडला, "यल्ला, चला, उशीर होतोय!" आणि माझ्या खोलीत राहिलेला मोबाइल घ्यायला गेला. आत गेला आणि बाहेरच येईना.

मी गेले. अनंता माझ्या मागे आला.

दारामागे तुमची पँट. पंखा बंद, खिडकी बंद. आणि डाव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढलेलं. पांढरंशुभ्र, लोंबत होतं. आणि अहो, ते हलत होतं! आत्ताच कोणी सोडलं असावं तसं.

खालून गाडीचा आवाज येत होता तेवढाच.

मग अनंता भिंतीला टेकून खाली बसला. एवढा बाप्या, पण मुसमुसून रडायला लागला. म्हणाला, "तात्या, केस विंचरायला हात जात नाही वर. महिना झाला डाव्याने विंचरतोय. परवा क्रेनखाली साखळी सुटली माझ्या हातातून. खाली माणूस होता. वाचला." प्रकाश त्याच्याकडे बघतच राहिला. मग खिडकी उघडून खाली बसलेल्या ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गाडी बंद कर. आम्ही येत नाही." दुबईला फोनही त्यानेच केला. तिकडचा माणूस फार चिडला असावा, कारण प्रकाश नुसता "नाही, नाही" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "दसऱ्यानंतर पाहिजे असेल तर सांगा. त्याच्या आधी तो मिळणार नाही." अगदी तुमचा आवाज!

ते दसऱ्यापर्यंत थांबतील की नाही, देव जाणे. पण अनंताचा हात जागेवर आहे, सोमवारी तो डॉक्टरकडे जाणार आहे, आणि साखळीचं काम सोडून त्याला थोडे दिवस हलकं काम द्या म्हणून प्रकाश त्याच्या फोरमनशी बोलणार आहे. आत्ता तो हॉलमध्येच चटईवर झोपलाय, खांद्यावर माझी मिठाची पुरचुंडी. मी तव्यावर तापवायला घेतली तेव्हा ती आधीच कोमट होती. मी काही विचारलं नाही तुम्हाला.

म्हणून आनंद झाला. म्हणून फोडणी करपली.

पण एक बोलायचं राहिलं. रागावू नका.

सगळे जरा शांत झाल्यावर मी तो खिसा आत घालायला गेले. पँटला हात लावला तर घामाने भिजलेली. आणि उजवा खिसा जड. बिया सगळ्या उजव्या खिशात, एकूण एक. मी डाव्यात घातल्या होत्या हो, माझ्या हाताने. म्हणजे तुम्ही मोजत होतात. रोज पहाटे त्या ग्राउंडवर उभे राहून, अनंताची एकेक ओव्हर. तेव्हा कळलं, बॉल गरम का असायचा. एवढ्या उन्हात, एवढ्या धुळीत तुम्ही तो मुठीत धरून जात-येत होतात.

अहो, तुम्ही तिथेही ड्यूटीच करताय?

इथे असताना तेच. टर्मिनलवर डबल ड्यूटी, वर पोरांचे खांदे, वर घर. मी म्हणायचे, जरा बसा. तर तुम्ही म्हणायचात, "मी काय बोलर आहे?" त्या गुरुवारी बूट न काढताच खुर्चीत डोळे मिटलेत ते मिटलेतच. सगळ्यांसाठी खिसा ओढलात, तुमच्यासाठी कोणी ओढायचा होता?

मला आवडतं हो तुम्ही येता ते. खोटं कशाला बोलू? दुपारी पिंपात हात घालताना मी नव्या नवरीसारखी लाजते. पण हे विश्रांती घेणं नव्हे. अढीतला आंबा रोज उठून अंगणात फिरायला लागला तर पिकायचा कधी?

तर आता वचन देते, ऐका. यापुढे शुक्रवारी मी ग्राउंडवर जाणार, प्रकाश नाही म्हणाला तरी. बिया माझ्या कनवटीला. अनंताचा खांदा, बाकी पोरांचे खांदे, माझ्या जिम्म्यावर. प्रकाशलाही मीच बसवीन जरा, तोही तुमच्यासारखाच धावतो. आणि भाताचे तांदूळ मी आजपासून दुसऱ्या डब्यात काढलेत. पिंपाचं झाकण लावलंय. दसऱ्यापर्यंत उघडून बघणार नाही, कितीही आठवण आली तरी.

तुमचा खिसा मात्र मी आत घातला नाही. तसाच उलटा ठेवलाय. या वेळी तो तुमच्यासाठी आहे.

आत्ता हे लिहिताना माझ्या खोलीतून बियांची खडखड ऐकू आली. एक पडली, मग थोड्या वेळाने अजून एक. रियाने रंगवता रंगवता वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. नुसतं म्हटलं, "खलास."

आता आवाज नाही.

झोपा हो.

तुमचीच,
अगो