नवे स्पीकर परत करायला गेले आहे

धाकट्या,

तुझे नवे स्पीकर घेऊन दुकानात चालले आहे. घरभर शोधत बसू नकोस.

दुकानदार म्हणाला होता, स्पीकर पारखायचे तर कानाच्या उंचीला ठेवा आणि ओळखीचा आवाज लावा. मी तुझंच गाणं लावलं. स्पीकर फार चांगले आहेत रे! तुझा चुकलेला सूर न् सूर ऐकू आला. इतके दिवस कॉम्प्युटरच्या जुन्या डबड्यांना नावं ठेवलीस, पण तुझ्या गळ्याची खोट त्या बिचाऱ्यांनीच झाकली होती.

ते गाणं उद्या स्टुडिओत पाठवू नकोस. हसं तुझं होईल, पण आडनाव माझंही तेच आहे.

जेवण झाकून ठेवलंय. जुने स्पीकर पुन्हा जोडलेत. त्यांच्यावर तू बरा गातोस.

आई