घारीचे डोळे

प्रिय आयुष,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'शुक्रवारी भिलाईहून येतो, रजिस्टर लग्न उरकून टाकू, आईचं नंतर बघू' एवढं म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. ते मध्येच तोडता येत नाही.

गेला महिनाभर दुपारची मी कुठे असते, ते तुला सांगितलंच नाही. सदरच्या फोटो स्टुडिओत नसते. खापरखेड्याला, तुमच्याच गच्चीवर असते. होय, दिवाळीत ज्यांनी मला उंबऱ्यावरूनच पाहिलं आणि तुला आत नेऊन 'घाऱ्या डोयाची पोट्टी नको, असे लोकं दगा देतेत' म्हणून बजावलं, त्याच तुझ्या आईंच्या, जिजाबाईंच्या गच्चीवर. मला बाहेर सगळं ऐकू आलं होतं. वीजघराच्या क्वार्टरच्या भिंतींना पोटात काही ठेवता येत नाही.

कॉलनीतल्या निलगिरीवर घारीने घरटं केलंय आणि ते नेमकं तुमच्या गच्चीच्या उंचीवर येतं. शिकारी पक्ष्यांचे नुसते चेहरे टिपायचं माझं वेड तुला ठाऊकच आहे. आभाळातली घार काय, कुणीही काढतो. मी दार वाजवलं, 'फोटोसाठी गच्ची हवी' म्हटलं, लग्नाचा ल काढला नाही. तुझ्या आई म्हणाल्या, "जाय वर. पण वड्या तुडवू नको."

तेव्हापासून दुपारभर आम्ही दोघी वर. त्या काठी घेऊन पांढऱ्या लुगड्यावर वाळत घातलेल्या मुगवड्यांच्या राखणीला, मी कापडाच्या आडोशाला. घारीच्या जवळ जायचं तर तिच्याकडे रोखून पाहायचं नाही, हे पहिलं पथ्य. नजर खाली ठेवायची आणि रोज जरासं पुढे सरकायचं. खरं सांगू? हे पथ्य मी घारीसाठी पाळत होते की तुझ्या आईसाठी, हेच मला कळेनासं झालं. वीजघराची ती अखंड घरघर, उन्हात तापलेल्या हिंगाचा वास, आणि सगळं कसं पाण्याखालून पाहिल्यासारखं हलणारं. कधी आम्हा दोघींना एकदमच डुलकी लागायची आणि घार तेवढी जागी असायची. इतकी शांत मी कुठेच बसले नव्हते रे.

काल ती अखेर माझ्याकडे वळली. चौकटीत फक्त चोच, कपाळावरची बारीक पिसं आणि डोळे. मी आनंदाने ओरडलेच. आई उठून आल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तो डोळा मोठा मोठा करून दाखवला. त्या किती तरी वेळ वाकून पाहत राहिल्या.

"हिचे डोये तं कायेभोर हायेत वं! मंग लोकं घारे काहून म्हणते?"

मला तरी कुठे माहीत होतं? शाळेपासून 'घारी, घारी' ऐकून रडले, आणि खऱ्या घारीचे डोळे निघाले गडद तपकिरी! मग त्या डोळ्यात आईंना एक पांढरा ठिपका दिसला. "हे मायं वड्यायचं लुगडं व्हय का?" तेच होतं. आख्खी गच्ची त्यात मावली होती. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता म्हणाल्या, "मान वर कर पोरी, पाहू दे." मी केली. मला भीती वाटत होती आणि डोळे मिटायचेही नव्हते.

हे सगळं लिहिलं ते शुक्रवारसाठी. तू ये, पण ते रजिस्टरचं राहू दे. स्टेशनवरून सरळ घरी ये. काल आई माझ्या डोळ्यांकडे पुष्कळ वेळ पाहत होत्या. मग विचारलं, "उद्या तुमच्या लेकराले असेच डोये आले तं?" मी मान वरच ठेवली. त्यांनीच काठी आपटली, वड्यांवरचा कावळा हाकलला आणि म्हणाल्या, "आले तं आले."

तुझीच, उन्हाने पार करपलेली,
भैरवी