दुखवट्यातली बोअर

चिम्वाला, मलावी

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोके ठेवते. मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होते. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का?

आमच्या संस्थेने या गावात बोअर खोदली. पाणी गोड लागले, तरी तीन आठवडे एकाही बाईने तिथे बादली लावली नाही. ओढ्याचे गढूळ पाणीच मुलांच्या पोटात जात राहिले. चूक माझी होती. गावात मयत झाले की इथे कुणी कुदळही उचलत नाही. हे ठाऊक असूनही, खोदकामाच्या दिवशीच एका घरी मयत झाले तेव्हा, यंत्र दुसऱ्या दिवशी परत जाणार म्हणून मी खोदकाम चालू ठेवले.

परवा रीतीप्रमाणे पाटीभर मक्याचे पीठ घेऊन मी त्या घरी गेले. मुलगा गमावलेल्या नाफिरी आजी म्हणाल्या, "आम्ही रडत होतो, आणि तुझं यंत्र आमच्यावर ओरडत होतं. सहा वर्षं झाली तुला इथं. उद्या तू मेलीस, तर कोण येईल गं रडायला?"

माझे डोळेच वाहू लागले.

"उशिरा आलीस, पण रडतेस बरी," आजी म्हणाल्या. "सरका गं, हिला चटईवर घ्या."

आज सकाळी पंपापाशी बादल्यांची रांग लागली होती. पहिला पेला आजींनी मलाच पाजला.

मी त्यांच्या मुलासाठी रडले, असे त्यांना वाटते. बाबांच्या वेळी मला पोचता आले नव्हते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझीच,
ऋजुता