सनईखालचा आवाज

प्रिय मामा,

जयभीम! तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. तुम्हाला पत्रांचा केवढा कंटाळा! मी पुण्याहून दोन-दोन पानं लिहायची, मामी वाचायला लागायची आणि तुम्ही दुसऱ्याच ओळीला म्हणायचात, "कवा येतीय तेवढं सांग." तेव्हा आज सगळं ऐकून घ्यायचं. उठून जायची सोय तुम्हाला आता नाही.

झालं असं, की गेल्या आठवड्यात मामीनं माळ्यावरची गोणी खाली काढली. आत तुमच्या लग्नांच्या शूटिंगच्या कच्च्या कॅसेटी. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला बुरशी लागली तर परत करून देता यावी म्हणून तुम्ही एकही पुसली नव्हती. "घिऊन जा तुझ्या तू," मामी म्हणाली. "मला बगवत न्हाई, आन टाकवतबी न्हाई." त्यातली सगळ्यात वरची पुण्याला आणून परवा लावली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहून गेलंय असं वाटतंय.

आठवतं का, कॉलेजात असताना मी तुमचा कॅमेरा दोन दिवस नेला होता? भिंगारच्या हद्दीवरच्या दगडाचं मी वीस मिनिटं शूटिंग केलं. अलीकडे लष्कराचा कॅम्प, पलीकडे गाव, मध्ये तो दगड, आणि शेजारून जाणारी माणसं, शेळ्या, सायकली. बाकी काही नाही. तुम्ही मांडी घालून शेवटपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "चांगलं झालंय. पन दगडाचं लगीन हाय कुनाशी?"

मामी हसून हसून बेजार! मी फुगून बसले. मग तुम्हाला समजावून सांगायला लागले, की व्हिडिओतसुद्धा चित्रकला असते, माणसाची ओळख, त्याच्या भोवतीच्या सीमा, चालीरीती, असे सगळे जड जड शब्द नुकतेच शिकले होते ते वापरून. तुम्ही चहा ओतता ओतता म्हणालात, "मंग त्ये तर मी रोजच करतुया की." मला ती बढाई वाटली. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

इकडे काष्टी आणि तिकडे बेलापूर, लग्नसराईत तुमचा पाय घरात ठरत नसे. वऱ्हाड वेशीजवळच्या मारुतीला उतरलं की तुम्ही तिथे हजर. अंतरपाट कधी खाली येणार हे भटजींच्या आधी तुम्हाला कळायचं. आपल्या लग्नात अंतरपाट नाही, पण पंचशील संपता संपता हार कुणाच्या हातात हवेत, तेही तुम्हीच सांगायचात. ज्या घरांच्या अंगणात आपल्या आजोबांना उभं राहू देत नसत, तसल्या घरांत तुम्ही खांद्यावर कॅमेरा टाकून थेट देवघरापर्यंत जायचात. शूटिंगवाल्याला कोण अडवणार? नवरीला देवाच्या पाया पडताना दिसायचं असतं ना!

पण दारात एक प्रश्न असायचाच. तो मला कॉलेजात असतानाच तुमच्या कच्च्या कॅसेटींवर सापडला. गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर तुम्ही वरून सनई आणि गाणी चढवायचात, त्यामुळे तिथे कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही. कच्च्या कॅसेटवर मात्र सगळं होतं. मध्येच बंद करून चालू केलं की चित्रावर पट्टे येतात, म्हणून घरात शिरताना तुम्ही कॅमेरा तसाच चालू ठेवून हातात धरायचात. चित्रात नुसत्या चपला, रांगोळी, उंबरा आणि तुमचे पाय. आणि आवाज, "पाव्हनं, आडनाव काय म्हनायचं?"

तुमची उत्तरं काय एकेक! "उजेड चाललाय हो, नवरी कुठंय?" "बॅटरी उतराया लागली, आदी हळद घिऊ." एक गृहस्थ तर अगदी हट्टालाच पेटला होता. त्याला तुम्ही म्हणालात, "तुमी लई उठून दिसता, जरा हितं उजेडाला उभं ऱ्हावा." आणि गडी केस सारखे करत उभा राहिला! त्या दिवशी मी खोलीत एकटीच खो खो हसले. नंतर मात्र हसू आलं नाही.

ते सगळे उंबरे मी एकापुढे एक जोडले. प्रश्न, तुमची टाळाटाळ, उंबरा. पुन्हा प्रश्न. माझ्या हातून झालेलं ते पहिलं खरं काम होतं. त्याची चांगली प्रत काढून द्या म्हणून मी तुमच्याकडेच दिलं, आणि तुम्ही काय केलंत, मामा! बदामाच्या आकारातून एकेक उंबरा बाहेर यायचा, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई! मी न बघता ती कॅसेट कॉलेजात लावली. सगळा वर्ग हसला. आमचे सर तेवढे गंभीरपणे म्हणाले, "फार धाडसी उपरोध आहे." मला जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं होतं.

तशीच एसटी पकडून मी भिंगारला आले आणि तुमच्यावर तुटून पडले. तुम्ही म्हणालात, "कोरडं वाटत हुतं गं बाय ते. आपल्या हातनं कोरडं कसं जाऊ द्यायचं?" मी म्हणाले, खोटं बोलू नका, तुम्ही तुमचा आवाज झाकलात, तुम्हाला लाज वाटते. तुम्ही कॅमेऱ्याची काच पुसायला घेतलीत. मग म्हणालात, "लाज न्हाई वाटत. पन उद्या ह्ये कुनी बगितलं, तर माज्याकडं लगीन घिऊन कोन यील?"

आणि मी, तुमच्याच जिवावर शिकलेली भाची, काय म्हणाले? "मग बसा जन्मभर उजेड चाललाय म्हणत!" हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं. त्या वर्षी मी जयंतीलासुद्धा आले नाही. वर बिनसनईची प्रत पुण्यात एका प्रदर्शनात लावली, तुम्हाला न विचारता. लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. चुकलंच माझं ते! पोट तुमचं होतं, आवाज तुमचा होता आणि धाडसी म्हणून नाव झालं माझं. तुम्हाला कळल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "लोकं शेवटपातुर बसली का?" एक शब्द रागाचा नाही. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

आता ती परवाची कॅसेट. तुमच्या नेहमीच्या अक्षरात नवरा-नवरीचं नाव, आणि त्याखाली बॉलपेननं लिहिलेलं, "सुनीला देणे." म्हणजे मला! काष्टीच्या पुढच्या कुठल्याशा वस्तीवरचं लग्न. तुमचं शेवटचं शूटिंग. मांडवातून तुम्ही घराकडे निघता, कॅमेरा हातात, चपला, रांगोळी, उंबरा. एक म्हातारा विचारतो, "पाव्हनं, आडनाव काय म्हनायचं?"

मी हसायच्या तयारीत बसले होते. आता बॅटरी उतरणार!

"गायकवाड," तुम्ही म्हणता. "भिंगारचा. आमी जयभीमवाले."

पुढचं तर तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं, मामा! कुठेतरी भांडं पडतं. तुमचे पाय उंबऱ्याबाहेर आहेत आणि चित्र हलतंय. मी इकडे पुण्यात खुर्चीच्या कडेवर आलेय. आणि म्हातारा म्हणतो, "असं व्हय. बरं, मंग आत या की, पोरगी कवाधरनं नटून बसलीय." आणि तुमचे पाय उंबरा ओलांडून आत जातात.

मी ते किती वेळा मागे नेऊन बघितलं! सगळेच म्हातारे असे नसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी तुम्ही बोललात. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत! त्यानंतर भेटलो तेव्हा मामीच्या गुडघ्यांचं बोललात, केबलवाल्याचं बोललात, हे नाही. कॅसेट तेवढी वर ठेवून गेलात. गिऱ्हाइकाला दिलेल्या कॅसेटवर त्या जागी सनई असणार, याची मला खात्री आहे. असू दे. लग्न त्यांचं होतं.

आता पुढचं सांगते. येत्या रविवारी आपल्या समाजमंदिरात टीव्ही आणि व्हीसीआर लावायचं ठरलंय. सगळे उंबरे ओळीनं, आणि शेवटी हा. कॅम्पातले येतील, गावातले येतील, तुमच्या कॅमेऱ्यात लग्न लागलेल्या किती तरी जोड्या येतील. या वेळी मात्र आधी विचारलं. तुम्ही नाही, म्हणून मामीला. काल भिंगारला जाऊन तिच्यासमोर कॅसेट लावली, ती डोळे पुसत बघत राहिली. मी म्हणाले, "मामी, हे सगळ्यांसमोर दाखवू का? तू नको म्हणालीस तर नाही दाखवणार."

मामी म्हणाली, "दाव की. त्येंनी बोलून ठिवलंय त्ये काय झाकून ठिवायला? पन आवाज मोठा कर. मागं बसल्याल्यांना बी ऐकू गेलं पायजे."

मामा, सनई लावणार नाही, पाकळ्या टाकणार नाही, हललेलं चित्र कापणार नाही. आणि आवाज मोठा ठेवीन.

तुमची भाची,
सुनी