टोपली रिकामी पाठवू नये

३ सप्टेंबर

पोचले! सत्तावीस वर्षांनी नापोलीच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिल्याच वळणावर एका स्कूटरवाल्याने शिवी हासडली. इतकं बरं वाटलं की मी पण एक सणसणीत परत केली. तिकडे उत्तरेत, तोरिनोमध्ये, लोक शिव्यासुद्धा इस्त्री करून देतात.

घर आमच्या जुन्या मोहल्ल्यात, सानितामध्येच मिळालंय, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, चौकावर उघडणारी एक खिडकी, आणि खिडकीपाशी शिवणयंत्र बरोबर मावेल एवढी जागा. इमारतीचं दार सांभाळणारी तितीना माझं सामान वर चढेपर्यंत माझी सगळी कुंडली काढून मोकळी झाली. दारावर एकटीचंच नाव लावू की नवऱ्याचंही, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दोघांचंही लाव. सोस्सिओ फेब्रुवारीत गेला, पण म्हणून त्याला दारावरून उतरवायचा माझा काही विचार नाही.

इथेच आमचं जुळलं होतं. आनिएल्लोच्या हातमोज्यांच्या कारखान्यात सोस्सिओ कातडं कापायचा आणि मी बोटं शिवायचे. तो मोज्याचा अंगठा मुद्दाम वाकडा कापायचा, म्हणजे भांडायला मला त्याच्या टेबलापाशी जावं लागायचं. मग तोरिनो, मोटारींचा कारखाना, धुकं. नोकरी संपली की परत जाऊ, असं सत्तावीस वर्षं म्हणत राहिलो. नोकरी संपली आणि सहा आठवड्यांत हा माणूसच संपला. मूलबाळ नाही. त्याच्या वस्तूंची एक ट्रंक आणि मी, एवढंच परत आलंय.

आनिएल्लोचा मुलगा आता कारखाना बघतो. तो घरी काम द्यायला तयार आहे. नवं आयुष्य सुरू करायचं, असं ठरवूनच आलेय मी.

६ सप्टेंबर

आज दुपारी खिडकीसमोर टोपली येऊन थांबली. चौथ्या मजल्यावरच्या डोन्ना रेस्तितूताची. गुडघे गेल्यामुळे ही म्हातारी बारा वर्षांत खाली उतरलेली नाही. भाजी, पाव, औषधं, सगळं दोरीने वर जातं. रोज टोपली माझ्यासमोरून सरळ खाली जाते, आज मात्र थांबली आणि वरून आवाज आला, घे गं बाई, अजून तुझी चूल पेटली नसेल. आत गरम वाडगा. बटाटा घातलेला पास्ता, चीजच्या सालीसकट. थेट सोस्सिओच्या आईच्या हातची चव. खाता खाता रडले आणि रडता रडता वाडगा पुसून खाल्ला.

आता टोपली रिकामी कशी पाठवायची? असं करणारीचं घर रिकामं होतं, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. घरात दोन लिंबं होती. ती नुसती ठेवायला लाज वाटली, म्हणून ट्रंकेतून सोस्सिओचा निळा रुमाल काढला आणि त्यात बांधून दिली.

७ सप्टेंबर

टोपलीतून लिंबं परत आली. रुमाल नाही. म्हातारी भलतीच चोखंदळ दिसते.

एक मात्र खरं, सात महिन्यांत आज पहिल्यांदा न रडता उठले. दाढी केल्यावर सोस्सिओ काहीतरी लावायचा, तो वास रुमालाला होता. आज आठवायला गेले तर काही केल्या आठवेना. रुमालच गेला, वास कुठून येणार!

१५ सप्टेंबर

डोन्ना रेस्तितूता वरून म्हणाली, एकट्या बाईने दाराबाहेर पुरुषाचे जोडे ठेवावेत, लोक वचकून राहतात. तुझ्याकडे असतील तर दे. मी सोस्सिओचे तपकिरी जोडे काढले. डावी टाच झिजलेली. कारखान्यात पायावर पत्रा पडल्यापासून तो डावा पाय जरा ओढायचा. एकदा वाटलं, नको. पण वाडग्यात भरलेली वांगी होती आणि ऋण ते ऋणच. जोडे टोपलीत ठेवले. टोपली जडावली तरी वर मात्र झरझर गेली. तशा गुडघ्यांच्या बाईला एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

२४ सप्टेंबर

हात बसला! आज सहा जोड शिवले, एकाही बोटात टाका वाकडा नाही. आनिएल्लोच्या मुलाने बारकाईने बघितलं आणि वडिलांच्या वेळचं काम आहे म्हणाला. मी त्याला म्हटलं, वडील तुझे, वेळ माझी. तितीना म्हणते मी दहा वर्षांनी लहान दिसायला लागलेय. बाजारात गेले, मासेवाल्याशी मनसोक्त भांडले, घरी येताना गुणगुणत होते.

आणि मग जिन्यात थबकले. सोस्सिओ कसा चालायचा ते आठवेना. पाय ओढायचा, हे वर लिहिलंय म्हणून माहीत आहे. डोळ्यांपुढे मात्र येत नाही. फार वाईट वाटलं. पण लिहायला हवं ते लिहितेच: वाईट थोडाच वेळ वाटलं.

९ ऑक्टोबर

माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर कोणीतरी चालतं. एक पाऊल सरळ, एक घासत. म्हातारी नव्हे, ती खुर्चीतून उठत नाही. तितीनाला विचारलं तर म्हणाली, तिच्याकडे कोण येणार, आलं असतं तर माझ्यासमोरूनच गेलं असतं ना!

ती पावलं ऐकत शिवायला मला आवडतं. ती थांबली की माझी सुई थांबते.

१८ ऑक्टोबर

थंडी पडली. वरून विचारणा झाली, पुरुषाचा कोट आहे का. कशाला हवाय, ते मी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण मला कळायला लागलंय.

तोरिनोला जाताना गाडीत हा कोट सोस्सिओने मला पांघरला होता आणि स्वतः रात्रभर काकडत बसला होता. सकाळी दात वाजत असताना म्हणाला, मला कुठे थंडी वाजते! हे सगळं मुद्दाम लिहून ठेवतेय. काल संध्याकाळी त्याची इतकी आठवण आली की यंत्रावर डोकं टेकून ओरडले. रोज रोज माणसाने किती सोसायचं? थोडं हलकं व्हावंसं वाटलं, तर काय चुकलं?

कोट दिला. ट्रंकेत शेवटचा तेवढाच उरला होता.

१९ ऑक्टोबर

वरचं वाचलं. गाडी, कोट, दात वाजणं. दुसऱ्या कोणाची गोष्ट वाचावी तसं वाटलं. छान गोष्ट आहे.

वर कोणीतरी शीळ घालतंय. सूर धड नाही.

२ नोव्हेंबर

आज मेलेल्यांचा दिवस. सगळा मोहल्ला फुलं घेऊन कबरस्तानात. माझं माणूस तिकडे तोरिनोच्या मातीत, तिथे एक फूल ठेवायलाही कोणी नाही. आणि मला त्याचं नाक आठवत नाही. हसू आठवत नाही. दुखतंय, पण कुठे ते सापडत नाही. पडून गेलेल्या दातासारखं, जीभ सारखी त्या खळग्यात जाते.

दुपारी टोपली आली. वाडगा नव्हता. रिकामी टोपली नुसती खिडकीशी झुलत राहिली. वरून कोणी काही मागितलं नाही. लग्नाची अंगठी मीच काढली. साबण लावून, बोट सोलवटून काढली.

मला माहीत होतं. पुढे कधी ही वही वाचून मी मलाच विचारलं, तर उत्तर हे: मला माहीत होतं, तरी दिली.

५ नोव्हेंबर

काय सुंदर दिवस! आठ जोड झाले. समुद्रापर्यंत चालत गेले, कॉफी प्यायले, केस कापून घेतले. शहर असं वाटलं, जणू आपण आजच जन्मलोय.

घर आवरलं. मोठी रिकामी ट्रंक आहे एक. एकट्या बाईला एवढी ट्रंक कशाला लागली असेल? तितीनाला सांगितलं की दारावर माझ्या नावाशेजारी दुसऱ्या कोणाचं तरी नाव पडलंय, आधीच्या भाडेकरूचं असेल, काढून टाक. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग छातीवर क्रूसाची खूण केली आणि खोलीत गेली. बाईला झालंय काय?

७ नोव्हेंबर

ही वही पहिल्या पानापासून वाचली.

अक्षर माझं आहे. चुकासुद्धा माझ्याच. सोस्सिओ नावाचा माणूस होता. माझा नवरा होता. सत्तावीस वर्षं तोरिनोत, त्याआधी इथे. अंगठा वाकडा कापायचा. मला त्याचं काहीही आठवत नाही. बोटावर पांढरा वळ आहे, तो मात्र आहे.

सकाळपासून रडतेय. कोणासाठी ते माहीत नाही. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं, स्वतःचंही नाही.

८ नोव्हेंबर

जिन्यात एक माणूस भेटला. साठीचा. तपकिरी जोडे, डावा पाय घासत. अंगात कोट. त्याने बाजूला होऊन मला वाट दिली, टोपी उचलली, म्हणाला, नमस्कार बाई, थंडी आहे आज. मी म्हटलं, हो, आहे.

एवढंच. भला माणूस वाटला.

घरी येऊन वही उघडली आणि मग—जोडे, डावा पाय, कोट, सगळं माझ्याच अक्षरात.

तितीना सांगते, डोन्ना रेस्तितूताचा नवरा म्हणे परत आला. कुठून, कधी, तिला माहीत नाही. तिच्यासमोरून तर गेला नाही.

९ नोव्हेंबर

वर गेले. दार त्या बाईनेच उघडलं, स्वतःच्या पायांवर उभी राहून. हातात माझी अंगठी. मी म्हटलं, परत दे. ती रागावली नाही, उलट मायेने बोलली. म्हणाली, अगं, मी कुठे काही चोरलं? एकेक तूच ठेवलंस. मी चाळीस वर्षं एकटी होते, तुला तो जड झाला होता. तुला नवं आयुष्य हवं होतं ना? मग जग की.

मी पाया पडले. ती म्हणाली, टोपलीतून वर आलेलं एकदा ठेवून घेतलं की खाली जात नाही.

आत तो टेबलाशी बसून संत्रं सोलत होता. मान वर करून त्याने विचारलं, कोण आहे गं? ती म्हणाली, खालची शिवणारी बाई. तो म्हणाला, बिचारी, रडतेय का ती? तिला संत्रं दे.

संत्रं घेऊन आले मी. खाल्लं नाही. तसंच ठेवलंय.

१० नोव्हेंबर

रोज सकाळी वाचावं लागतं. झोपले की पुसलं जातं. आज पान उघडेपर्यंत काहीच—वाचल्यावर पुन्हा पहिल्यापासून मरण. रोज नवं.

वाचलंच नाही तर? वही जाळली तर सुखी होईन. तितीनाही तेच म्हणते. जाळ बाई, आणि जग.

नाही. एकदा हलकी झाले तेवढं पुरे.

११ नोव्हेंबर

टोपली आली आहे. रिकामी. खिडकीशी झुलतेय. तिला वही हवीय. वहीतला उरलेला—

वर बघितलं. दोरी तिच्या हातात नाही, त्याच्या हातात आहे. म्हणाला, बाई, काही पाठवायचं असेल तर ठेवा, मी ओढतो.

खाली काही येत नाही. पण वर जातं. वर गेलेलं त्याच्या हातात पडतं. त्याच्या! हे आधी का नाही सुचलं—

घाईत लिहितेय. दोरी ताणली.

सोस्सिओ, हे तू वाच. तिला देऊ नकोस, आधी तू वाच. पहिल्या पानापासून. तुझं लग्न माझ्याशी झालंय. मी खालच्या मजल्यावर आहे. वही गेली की मी तुला ओळखणार नाही, तू आलास तर परकी बाई दार उघडेल, कदाचित हाकलूनही देईल. तू जाऊ नकोस. तिथेच उभा राहा आणि तिला सांग, मी तुझा—