जावयाचा ड्रायर

१४ जुलै, सोमवार

आज पुन्हा तो वास!

इस्त्री जास्त वेळ टेकवली की कापड करपतं ना, तसा. मागच्या खोलीत ड्रायर चालू होता, छकुलीचे लंगोट आणि दुपटी घातली होती. हातातली पोळी तव्यावर टाकून धावत गेले. काही दिसलं नाही. धूर नाही, ठिणगी नाही. परत आले तर पोळीचा कोळसा.

नंदाबाई छकुलीला न्हाऊ घालून शेगडीवर धुरी देत होती. म्हणते कशी, "ताई, वव्याचा वास हाय तो. बाळंतिणीच्या घरात धुरीचा न्हाई तर काय अत्तराचा वास येनार?"

ओव्याचा वास मला कळत नाही होय! दोन बाळंतपणं झाली माझी.

ड्रायरची खोली आणि लेकीची, समीक्षाची खोली यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीला लागून पाळणा. डोळे मिटले तरी मला तेवढंच दिसतं.

१५ जुलै

ड्रायर जावयाने पाठवलेला. आठवड्यापूर्वी पिंपरीहून टेम्पोने आला. संदेशराव फोनवर म्हणाले, "आमच्याकडे पडूनच असतो, बाळाला उपयोगी पडेल. लोणावळ्यात कुठे कपडे वाळणार!" खरंच आहे. तुंगार्लीत जुलैत माणूस वाळत नाही, तिथे लंगोट काय वाळणार. विहीणबाईंनी तर त्याला हळदकुंकू लावून पाठवलं. पांढऱ्या पत्र्यावर अजून बोट उमटलेलं आहे. मी पुसलेलं नाही.

पण कपडे वाळतच नाहीत! तासन्‌तास फिरतो, बाहेर काढावं तर गरम आणि ओले. समीक्षा दुपारी म्हणाली, "आई, तो ड्रायर ना —" मी तिथेच तोडलं. म्हटलं, जावयाने हौसेने दिलाय, नावं ठेवायची नाहीत.

ड्रायर लावला की ती बाळाला उचलून बाहेरच्या खोलीत जाते. आवाजाने छकुली दचकत असेल.

१७ जुलै

आज गरमच होईना. आतलं पिंप फिरतंय, हवा मात्र थंडगार.

खरं सांगू? मला बरं वाटलं! नंदाबाईने शेगडीवर डालगं पालथं घातलं आणि त्यावर लंगोट पसरले. "आमची समदी पोरं ह्याच्यावरच वाढली." पण समीक्षाला निखाऱ्याची भीती वाटते, आणि धुराने छकुली खोकते.

हे कामावरून आले आणि बिथरलेच. "सत्तावीसला बारसं. विहीणबाई येणार. आठ दिवसांत यांनी आमचा ड्रायर बंद पाडला म्हणतील!" कंपनीच्या माणसाला बोलवूया म्हटलं, तर म्हणे त्याची तक्रार संदेशच्या नावावर जाईल, त्याला कळेल. यांच्या हॉटेलातला केरबा उद्या येतोय. तिथले गिझर, पंप, सगळं तोच बघतो.

१८ जुलै

केरबा आला. कुरवंड्याहून भिजत आला, आधी चहा दिला. मागचा पत्रा उघडला. हीटरला जाणाऱ्या वायरचं टोक जळून काळं पडलं होतं. ते कापलं, नवं टोक बसवलं. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. आत एक लाल वायरचा तुकडा दिसला, बाकी वायरींपेक्षा वेगळाच. विचारलं, ही कसली रे?

"ती डायरेक्ट हाय, वैनी." आणि पत्रा लावून मोकळा!

डायरेक्ट म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. शेजारच्या बंगल्यातल्या गिझरला असंच केलं होतं. मशीन फार तापलं की वीज तोडायला आत एक फ्यूज असतो. तोच मधून वगळायचा आणि टोकाला टोक जोडायचं. मग मशीन कधी बंद पडत नाही. पेट घेतला तरी नाही. त्या बंगल्याचं न्हाणीघर काळं झालं तेव्हा बघायला मीही गेले होते.

ड्रायर लावला तर भट्टी! हे खूश. "बघ, कसा धडधडीत चालतोय!"



२० जुलै

लावू नका म्हटलं तर ऐकतंय कोण. लंगोट संपले की लावावाच लागतो.

आज वरच्या पत्र्याला हात लावला, चटका बसला. वास पण आलाच. पाण्याची बादली भरून खोलीच्या दारात बसले. मग आठवलं, विजेवर पाणी टाकायचं नसतं! बादली ओतून दिली आणि समोर बांधकाम चाललंय तिथून घमेलंभर रेती आणली. हे हसले. "ड्रायरला रेती? आता सिमेंट पण आण, घरच बांधू." हसा. मी घमेलं उचललं नाही.

माझंच घर असतं तर एवढी घाबरले नसते. लेक बाळंतपणाला आलीय, बाळ त्यांचं आहे. लोकांची ठेव. केसाला धक्का लागला तर कुठल्या तोंडाने उभी राहू?

२१ जुलै

सापडलं! निदान अर्धं तरी.

सकाळी जाळी ओढून काढली. ही जाळी असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यावर कपड्यांची रुई इतकी साठलेली की घोंगडीच निघाली हातात. साफ केली, लावला, तरी तेच. गरम आणि ओले.

मग विचार केला, आतली ओली वाफ जाते कुठे? मागे एक जाड नळी आहे, ती भिंतीच्या भोकातून बाहेर जाते. छत्री घेऊन घराच्या मागे गेले. आणि कपाळावर हात मारला. मे महिन्यात यांनी पश्चिमेच्या भिंतीला निळी ताडपत्री ठोकली, दरवर्षी ठोकतात, नाहीतर झडीने भिंत आतून पाझरते. ड्रायर आला तेव्हा यांनीच घरातून भोक पाडून नळी बाहेर ढकलली. ताडपत्री विसरले! तोंडच बंद. गरम हवा जाणार कुठे? परत आतच.

विळ्याने ताडपत्री कापली. ओल्या रुईचा गोळा भदकन पायावर पडला. मेलेला उंदीरच वाटला, किंचाळले. समीक्षा खिडकीत आली. म्हटलं, काही नाही गं, कचरा आहे.

तिने तो गोळा बराच वेळ बघितला.

२२ जुलै

दुपटी खडखडीत वाळली. वास नाही. चटका नाही.

यांना म्हटलं, आता ती लाल वायर काढून घ्या, नवा फ्यूज बसवा. "कारण सापडलं ना? मग आता कशाला उकरतेस? बारसं होऊ दे." अहो, पुन्हा कधी नळी तुंबली तर? पुन्हा कुणी जाळी साफ करायची विसरलं तर? आवरायला आत काहीच नाही! "तू फार विचार करतेस." केरबाही गावी गेलाय.

दुपारी मनाचा हिय्या करून संदेशरावांना फोन लावला. म्हटलं, सरळ सांगायचं, तुमच्या ड्रायरची आमच्याकडून अशी खराबी झाली. त्यांनी उचलला. "बोला आई."

आणि मी विचारलं काय, तर बारशाला बासुंदी करू की श्रीखंड!

बासुंदी म्हणाले.

२३ जुलै

लावला नाही. लाइट कमी येतेय म्हणून सांगितलं.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. ड्रायरचा प्लग काढून ठेवलाय, पुढे कपाट सरकवलं. घरभर दोऱ्या आणि ओले लंगोट. हे चिडले. "परवा विहीणबाई येणार आणि आपण त्यांच्या ड्रायरपुढे कपाट लावून बसलोय!"

कपाट सरकवताना समीक्षानेच हात दिला. अजून सव्वा महिनासुद्धा झाला नाही, ओली बाळंतीण — ओरडले तिला. तरी सोडेना.

२६ जुलै, दुपार

केरबा आला. दारातच धरला त्याला. नाही नाही ते बोलले! लाज नाही वाटली, भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे, डायरेक्ट करून गेलास!

तो बिचारा चप्पल काढायची पण विसरला. "वैनी, देवाच्यान मी न्हाई केली ती. मी फकस्त जळकं टोक बदाललं. लाल वायर आतमदी आदीचीच हाय. तिच्यावरची पट्टी बघा की, जुनी, करपल्याली. मला वाटलं तुमास्नी म्हाईत हाय."

पत्रा उघडायला लावला. टॉर्च मारून बघितलं. चिकटपट्टी तपकिरी झालेली, वर रुईचा थर. आठवड्याभराची नव्हे ती. आमच्याकडे आला तेव्हाच तसा आला होता. हळदकुंकू लावून!

केरबाला आत बसवून चहा दिला.

२६ जुलै, संध्याकाळ

समीक्षाला सांगितलं. ती छकुलीला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे आई. तिकडे एकदा धूर निघाला होता त्यातून. नंतर बंदच पडला, तेव्हा कुणाकडून तरी डायरेक्ट करून घेतलं. मी म्हटलं, हे बरं नाही. तर आठ दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही."

मला का नाही बोललीस?

"बोलत होते की. तू म्हणालीस, जावयाची वस्तू आहे, नावं ठेवायची नाहीत. तिकडे बोललं की त्यांना राग येतो, इथे बोललं की तू गप्प करतेस. मग मी बोलायचं कुठं?"

फोन लावला. संदेशरावांनी उचलला. "बोला आई."

या वेळी बासुंदीचं काढलं नाही.